शतायुषी आई

नमस्काराला वाकलेल्या सुनेला आपल्याकडची जुनी माणसं ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असा आशीर्वाद देत. लहानग्याच्या डोक्यावर हात ठेवून ‘शतायुषी हो’ म्हणत. आशीर्वाद देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या वेळी भरलेलं घर असतं, अंगणात पोरांचा कलकलाट असतो, पिकल्या केसांची आजी आणि तिच्या मांडीवर पणतवंड असतं. पण हे दोन्ही आशीर्वाद एकाच बाईच्या बाबतीत अक्षरशः खरे झाले तर? मुलं आठ नव्हे, नऊ झाली आणि आयुष्यही शंभरी ओलांडून गेलं, तर अशा आयुष्याचा ताळेबंद कसा दिसेल?

अमेरिकेतल्या रोझ केनेडी या बाईंच्या वाट्याला असं आयुष्य आलं. २२ जुलै १८९० रोजी त्या जन्मल्या आणि २२ जानेवारी १९९५ रोजी, वयाच्या १०५व्या वर्षात, त्यांनी डोळे मिटले. एक मुलगा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. तो आणि आणखी दोघे असे तीन मुलगे सिनेटर झाले. एक मुलगी आयर्लंडमध्ये अमेरिकेची राजदूत झाली. त्या गेल्या तेव्हा मागे पाच मुलं, २८ नातवंडं आणि ४१ पतवंडं होती. कोणालाही हेवा वाटावा अशी ही यादी आहे. पण हीच यादी उलट बाजूने वाचली तर छातीत धस्स होतं. नऊपैकी चार मुलं आईच्या आधी गेली आणि चौघांपैकी एकालाही नीट म्हणावं असं मरण आलं नाही. पाचवं मूल जिवंत होतं, पण ते असून नसल्यासारखं झालं होतं.

केनेडी घराण्यावर आजवर इतकी पुस्तकं निघाली आहेत की त्यांनी एखादी खोली सहज भरेल. त्यातली बहुतेक जॉन केनेडींवर, त्यांच्या हत्येवर, जॅकलीनवर. आईचा उल्लेख त्यांत येतो तो बहुधा काळ्या पोशाखातली, हातात जपमाळ धरलेली, ताठ मानेची म्हातारी म्हणून. ती तशी होतीच. पण त्या ताठ मानेमागे एक फार निराळी आणि आपल्या घरांतल्या बायकांना ओळखीची वाटावी अशी संसारी बाई होती.

रोझ यांचं माहेर बॉस्टनच्या ‘नॉर्थ एंड’ भागातलं. आजी-आजोबांची पिढी आयर्लंडमधून उपाशीपोटी बोटीत बसून आलेली. त्या काळच्या बॉस्टनमध्ये आयरिश कॅथलिक माणसाला जुन्या प्रोटेस्टंट घराण्यांच्या दिवाणखान्यात प्रवेश नसे. वडील जॉन फिट्झजेराल्ड हे मात्र मोठे बोलघेवडे आणि लोकप्रिय राजकारणी. गोड बोलण्यामुळे सारं शहर त्यांना ‘हनी फिट्झ’ म्हणे. ते अमेरिकेच्या संसदेत गेले, पुढे दोनदा बॉस्टनचे महापौर झाले. आई जोसेफिन यांना सभा-समारंभांची आवड नव्हती. त्यामुळे वडिलांबरोबर पाहुण्यांचं स्वागत करायला, जहाजांच्या जलावतरणाला, मेजवान्यांना थोरली लेक रोझ जाई. हस्तांदोलन कसं करावं, नावं कशी लक्षात ठेवावीत, दमलेलं असतानाही चेहरा प्रसन्न कसा ठेवावा, हे सारं ती तिथे शिकली.

अभ्यासातही ती हुशार होती. पंधराव्या वर्षी शाळेचं शिक्षण पुरं झालं आणि वेल्स्ली या नामांकित महिला महाविद्यालयात जायचं तिच्या मनाने घेतलं. पण ते महाविद्यालय कॅथलिक नव्हतं. आर्चबिशपच्या सल्ल्याने वडिलांनी ऐनवेळी नकार दिला आणि मुलीला जोगिणींच्या शाळेत घातलं, पुढे हॉलंडमधल्या मठशाळेत पाठवलं. मुलगी रडली, पण वडिलांच्या शब्दाबाहेर गेली नाही. ही खंत मात्र तिने जन्मभर सांभाळली. नव्वदीच्या घरात असतानाही वेल्स्लीला जाता आलं नाही याचं दुःख ती बोलून दाखवी. शिकायची ओढ असलेल्या मुलीचं शिक्षण वडीलधाऱ्यांच्या एका शब्दाने थांबावं, हे आपल्याला काही नवं नाही.

वडिलांना तिने एकदाच विरोध केला, तो लग्नाच्या बाबतीत. जोसेफ केनेडी हा ईस्ट बॉस्टनमधल्या एका गुत्तेदार पुढाऱ्याचा मुलगा. हार्वर्डमध्ये शिकलेला, हुशार, महत्त्वाकांक्षी आणि देखणा. हनी फिट्झ यांना तो पसंत नव्हता. पण पंचविसाव्या वर्षी तो एका छोट्या बँकेचा अध्यक्ष झाला आणि ७ ऑक्टोबर १९१४ रोजी बॉस्टनच्या कार्डिनलने आपल्या खासगी प्रार्थनामंदिरात दोघांचं लग्न लावलं. ब्रुकलाइन या उपनगरातल्या बील्स स्ट्रीटवरच्या ८३ क्रमांकाच्या लाकडी घरात संसार सुरू झाला.

मग पाळणा जवळजवळ थांबलाच नाही. १९१५ साली जोसेफ धाकटा, १९१७ साली जॉन, १९१८ साली रोझमेरी, १९२० साली कॅथलीन, १९२१ साली युनिस, १९२४ साली पॅट्रिशिया, १९२५ साली रॉबर्ट, १९२८ साली जीन आणि १९३२ साली एडवर्ड. सतरा वर्षांत नऊ बाळंतपणं. पती सतत कामानिमित्त बाहेर. १९२०च्या सुरुवातीला, कॅथलीन पोटात असताना, रोझ हे सगळं सोडून माहेरी निघून आली होती. तीनेक आठवडे राहिली. शेवटी वडिलांनीच समजूत घालून, तुझी जागा आता तिकडे आहे असं सांगून, परत पाठवलं. ती परतली आणि पाठोपाठ अडीच वर्षांचा जॉन स्कार्लेट फीव्हरने मरणाच्या दारात जाऊन आला. घरात नुकतीच जन्मलेली मुलगी, इस्पितळात अत्यवस्थ मुलगा. या दिवसांनंतर रोझने संसाराकडे पाहण्याची आपली रीत पक्की केली असावी.

तिची ती रीत म्हणजे कार्डांची पेटी. एके दिवशी ब्रुकलाइनच्या बाजारातून तिने कोरी कार्डं आणि ती उभी लावून ठेवायची छोटी पेटी आणली. प्रत्येक मुलाचं एक कार्ड. त्यावर जन्मतारीख, बाप्तिस्मा कुठे झाला, देवीची लस कधी टोचली, घटसर्पाची तपासणी कधी केली, गोवर कधी आला, कांजिण्या कधी, डांग्या खोकला कधी, वजन किती, उंची किती, बुटाचं माप काय, दाताच्या डॉक्टरकडे शेवटचं कधी नेलं. जॉनचं कार्ड सर्वांत भरगच्च, कारण तो सर्वांत किडकिडीत आणि सतत आजारी. मुलांची दर आठवड्याला वजनं होत. कोणाचं वजन उतरलं की त्याच्या ताटात साय आणि लोणी वाढे.

घरात नोकरचाकर आणि दाया होत्या. पुढे पैसा इतका आला की तीन तीन घरं झाली. तरी पेटी रोझच्याच हाताशी राहिली. आपण मुलं वाढवणं हा एक व्यवसाय मानला आणि तो इतर कोणत्याही व्यवसायाइतक्याच शिस्तीने केला, असं ती पुढे अभिमानाने सांगे. जेवणाच्या खोलीजवळ फळ्यावर वर्तमानपत्रांची कात्रणं लावलेली असत. मुलांनी ती वाचून यायची आणि जेवताना त्यांवर बोलायचं. एखाद्या गावाचं नाव निघालं की ते नकाशावर कुठे आहे, नाव कोणत्या भाषेतून आलं, असे प्रश्न येत. जेवायला उशीर चालत नसे. आठवणीच्या चिठ्ठ्या ती स्वतःच्याच पोशाखाला टाचणीने लावून घरभर फिरे. चुकलेल्या पोराला पट्टीचा प्रसादही मिळे.

या सगळ्यात माया कुठे होती, असा प्रश्न पुढे तिच्या चरित्रकारांनी विचारला. तो अगदीच अनाठायी नाही. रोझ मुलांना फारशी कुशीत घेत नसे. वर्षातून अनेकदा ती एकटी लांबच्या प्रवासाला निघून जाई. १९२३ साली ती अशीच निघाली असताना पाच वर्षांच्या जॉनने, मुलांना टाकून जाणारी ही कसली आई, असा टोमणा मारला होता. गंमत अशी की ही हकीकत तिनेच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. मोठेपणी जॉन केनेडींच्या बोलण्यात आईविषयी आदर असे, पण कुठेतरी एक अंतरही जाणवे.

पण नवऱ्याची बाजूही पाहायला हवी. शेअरबाजार, चित्रपट, दारूचा व्यापार यांत जोसेफ केनेडींनी अमाप पैसा केला. हॉलिवूडमध्ये असताना ग्लोरिया स्वॉन्सन या विख्यात नटीशी असलेले त्यांचे संबंध साऱ्या चित्रपटसृष्टीला ठाऊक होते. रोझला ते ठाऊक नसतील हे शक्य नाही. तिने याबद्दल उभ्या आयुष्यात जाहीरपणे एक अक्षर काढलं नाही. घटस्फोट तिच्या धर्मात बसत नव्हता आणि माहेरचं दार एकदा बंद झालेलं होतं. मग उरली रोजची प्रार्थना, एकटीचा प्रवास आणि ती पेटी. नवरा आपल्या हातात नाही, पण मुलांचं वजन, मुलांचे दात, मुलांचं व्याकरण आपल्या हातात आहे! कोणी कुशीत घेऊन माया करतं, कोणी टिपण ठेवून. तापाचा आकडा वहीत लिहून रात्रभर उशाशी बसणारी बाई कोरडी असते असं कोण म्हणेल?

पण एक मूल असं होतं की ज्याच्यापुढे ती पेटी निरुपयोगी ठरली.

तिसरं अपत्य, पहिली मुलगी. तिचं नाव आईच्या नावावरून ठेवलं, रोझ मेरी. १३ सप्टेंबर १९१८ला, इन्फ्लुएंझाच्या महाभयंकर साथीच्या दिवसांत ती जन्मली. डॉक्टर साथीच्या रुग्णांत अडकलेले. ते येईपर्यंत सुईणीने बाळाचा जन्म बराच वेळ रोखून धरला, असं सांगतात. मुलगी दिसायला गोड, भावंडांत सर्वांत सुंदर. पण ती उशिरा रांगली, उशिरा चालली. बालवाडीत मागे पडली. घसरगाडीला दिशा देणं, टेबलावर मांस कापणं, सरळ ओळीत लिहिणं तिला जमेना. शेवटी ती मतिमंद असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि तिला संस्थेत ठेवावं असं सुचवलं.

त्या काळात अशी मुलं घराण्याचा कलंक मानली जात. श्रीमंत घरांतून ती गुपचूप दूर पाठवली जात. रोझने तसं केलं नाही. तिने खास शिक्षक लावले. तासन्‌तास लेकीबरोबर टेनिस खेळली, तिच्या हाताला धरून अक्षरं गिरवून घेतली. थोरल्या भावांना बजावलं की नाचाच्या समारंभात बहिणीबरोबर नाचायचं, तिला एकटी बसू द्यायची नाही. १९३८ साली जोसेफ केनेडी ब्रिटनमधले अमेरिकेचे राजदूत झाले आणि सारं कुटुंब लंडनला गेलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात रोझ आपल्या दोन थोरल्या मुलींना घेऊन बकिंगहॅम राजवाड्यात राजा-राणीपुढे गेली. पांढऱ्या पोशाखातली रोझमेरी मुजरा करताना किंचित अडखळली, पण सावरली. ज्या आयरिश घराण्याला बॉस्टनच्या दिवाणखान्यात जागा नव्हती, त्याची ही लेक राजदरबारात उभी होती. लंडनजवळच्या एका माँटेसोरी पद्धतीच्या मठशाळेत ती खुललीही. तिचे सर्वांत सुखाचे दिवस तेच.

महायुद्ध आलं आणि १९४० साली तिला अमेरिकेत परत आणावं लागलं. तिथे तिचं बिनसलं. भावंडं पुढे निघून गेलेली, आपण मागे राहिलो हे तिला कळत होतं. ती संतापे, हात उगारी, मठातून रात्री-अपरात्री बाहेर पडे. वडिलांना भीती वाटू लागली ती मुलीची आणि तितकीच घराण्याच्या नावाची. त्या सुमारास मेंदूवरच्या लोबोटॉमी नावाच्या नव्या शस्त्रक्रियेचा गाजावाजा चालू होता. नोव्हेंबर १९४१मध्ये जोसेफ केनेडींनी ती शस्त्रक्रिया करवून घेतली. रोझला आधी पुरती कल्पना न देताच हे घडलं, असं बहुतेक चरित्रकार मानतात. तेवीस वर्षांची, हसती, नाचाची आवड असलेली मुलगी त्या टेबलावरून उठली ती नीट चालता-बोलता न येणारी होऊन. तिला प्रथम न्यूयॉर्क राज्यातल्या एका संस्थेत आणि १९४९ साली विस्कॉन्सिनमधल्या सेंट कोलेटा या जोगिणींच्या आश्रमात ठेवण्यात आलं.

आणि मग आई गप्प झाली. घरच्या पत्रांतून रोझमेरीचं नाव नाहीसं झालं. सुमारे वीस वर्षं रोझ तिला भेटायला गेली नाही. का गेली नाही? नवऱ्याने मना केलं म्हणून? स्वतःच्या नावाच्या मुलीची ती दशा पाहवेना म्हणून? की आपण तेवीस वर्षं जे उभं केलं ते एका सकाळी कापून टाकलं गेलं, या संतापाला वाट नव्हती म्हणून? उतारवयात रोझने हा घाव आपल्या मोठ्या दुःखांपैकी एक असल्याचं कबूल केलं. पण त्या वीस वर्षांचा काळिमा तिच्या चरित्रावर आहे आणि तो पुसून टाकणं तिच्यावरही अन्यायच होईल. ती देवी नव्हती. आपल्या काळाने आणि घराने घालून दिलेल्या चौकटीत राहणारी बाई होती आणि त्या चौकटीने एकदा तिच्या हातून लेक सोडवून घेतली.

त्यानंतर घरावर आघात होतच राहिले. थोरला जोसेफ नौदलात वैमानिक होता. घराण्यातून राष्ट्राध्यक्ष व्हायचा तो त्यानेच, असं वडिलांनी ठरवून ठेवलेलं. १२ ऑगस्ट १९४४ रोजी स्फोटकांनी भरलेलं त्याचं विमान इंग्लंडच्या किनाऱ्यावर हवेतच फुटलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, हायनिस पोर्टच्या समुद्रकाठच्या घरी दोन धर्मगुरू दारात येऊन उभे राहिले. सैनिकाच्या घरी धर्मगुरू का येतात हे आईला सांगावं लागत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात कॅथलीनने इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या थोरल्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं. मुलगा उमदा, पण प्रोटेस्टंट. रोझला हा धक्का सोसला नाही. ती इस्पितळात दाखल झाली. लग्नाला माहेरचा एकटा थोरला भाऊ हजर होता. तो ऑगस्टमध्ये गेला आणि सप्टेंबरमध्ये कॅथलीनचा नवराही बेल्जियममध्ये लढताना पडला. चार वर्षांनी, १३ मे १९४८ रोजी, फ्रान्समध्ये विमान कोसळून कॅथलीनही गेली. तिला इंग्लंडमध्ये सासरच्या गावी पुरलं. अंत्यविधीला माहेरचे फक्त वडील होते. आई गेली नाही. धर्माची रेघ तिने स्वतःच्या मुलीच्या मरणातही ओलांडली नाही. ही रोझची दुसरी कठोर बाजू. परजातीत लग्न केलेल्या मुलीचं नाव टाकणारी घरं आपणही पाहिली आहेत. त्या घरांतल्या आया रात्री उशीत तोंड खुपसून रडत असत, हेही आपल्याला ठाऊक आहे.

पण रोझ मोडून पडली नाही. जॉन राजकारणात उतरला तेव्हा लहानपणी वडिलांबरोबर गिरवलेले धडे तिने पुन्हा बाहेर काढले. १९५२ साली मॅसॅच्युसेट्समधून सिनेटच्या निवडणुकीसाठी त्याच्या बाजूने चहापानाचे मोठमोठे कार्यक्रम झाले. हजारो बायका रांगा लावून आल्या. रोझ व्यासपीठावरून राजकारण फार बोलत नसे. नऊ मुलं कशी वाढवली, कार्डं कशी ठेवली, हे सांगे. श्रोत्यांत बहुतेक आयाच असत. जॉनने हेन्री कॅबट लॉज यांना सुमारे ७० हजार मतांनी हरवलं. याच लॉजच्या आजोबांनी १९१६ साली हनी फिट्झना हरवलं होतं. लेकीने वडिलांच्या पराभवाची परतफेड मुलाकडून करून घेतली, असं बॉस्टनमध्ये लोक म्हणत.

२० जानेवारी १९६१ रोजी जॉन केनेडींनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती फिट्झजेराल्ड घराण्याच्या जुन्या बायबलवर हात ठेवून. मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला तरी आईचं आईपण सुटलं नाही. ती त्याच्या पोशाखाबद्दल, उच्चारांबद्दल चिठ्ठ्या धाडी. व्हिएन्नात केनेडी-ख्रुश्चॉव्ह भेट झाली तेव्हा ती तिथे होती. नंतर तिने परस्पर ख्रुश्चॉव्हना पत्र लिहून छायाचित्रांवर सह्या मागवल्या. शीतयुद्धाच्या ऐन तापलेल्या दिवसांत आईने रशियाच्या सर्वेसर्वाशी परभारे पत्रव्यवहार केला! इतर देशांच्या प्रमुखांना लिहिण्याआधी आपल्याला विचारत जा, असं राष्ट्राध्यक्षांना आईला कळवावं लागलं.

हा आनंद पुरता वर्षभरही टिकला नाही. डिसेंबर १९६१मध्ये जोसेफ केनेडींना पक्षाघाताचा झटका आला. ज्या माणसाच्या शब्दावर सारं घर चालत होतं त्याची वाचाच गेली. पुढची आठ वर्षं त्यांनी चाकाच्या खुर्चीत काढली आणि रोझने त्यांची शुश्रूषा पाहिली.

२२ नोव्हेंबर १९६३. हायनिस पोर्टच्या घरात दुपारी रोझ विश्रांती घेत होती. शेजारच्या खोलीतला आवाज मोठा का झाला म्हणून ती उठली आणि डॅलसमधल्या गोळीबाराची बातमी तिच्या कानावर आली. जॉन गेल्याचं कळल्यावर ती बाहेर पडली आणि थंडीवाऱ्यात समुद्रकाठी बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिली. खुर्चीतल्या नवऱ्याला त्या दिवशी काही सांगायचं नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी धाकट्या एडवर्डने वडिलांना सांगितलं. रोझची स्वतःची आई, ९८ वर्षांची जोसेफिन, तेव्हा हयात होती. तिला ही बातमी अखेरपर्यंत कळू दिली नाही. ऑगस्ट १९६४मध्ये ती गेली. म्हणजे मुलगा गमावलेली रोझ स्वतःच्या आईपासून ते दुःख लपवत जगत होती. दीर्घायुष्याचं दान या घरात माहेरकडून आलेलं होतं आणि त्याची किंमतही.

पाच वर्षांनी तेच पुन्हा. ५ जून १९६८ला मध्यरात्रीनंतर लॉस एंजेलिसच्या हॉटेलात रॉबर्टला गोळ्या लागल्या. आईला ते पहाटे दूरचित्रवाणीवरून कळलं. ती उठून चर्चमध्ये गेली. रॉबर्ट दुसऱ्या दिवशी गेला. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला त्याची शवपेटी नेणाऱ्या आगगाडीच्या दुतर्फा लाखो माणसं उभी होती. आणि ७७ वर्षांची आई खिडकीतून त्यांना हात हलवून प्रतिसाद देत होती. काहींना ते विचित्र वाटलं. तिचं म्हणणं साधं होतं. एवढी माणसं आपल्या मुलासाठी उन्हात उभी आहेत, त्यांची दखल घेतली पाहिजे. देव पेलवेल तेवढंच ओझं देतो यावर तिची अढळ श्रद्धा होती. आपण खचलो तर मागची सगळी खचतील, हेही तिला कळत होतं. रॉबर्टची दहा मुलं तेव्हा बिनबापाची झाली होती आणि अकरावी पोटात होती.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये नवराही गेला. आता घरात थोरली तीच होती. याच काळात तिच्या आईपणाला एक नवं वळण लागलं, जे क्वचित कोणाला ऐंशीच्या उंबरठ्यावर लाभतं. ती रोझमेरीकडे परत गेली.

याची वाट खरं तर युनिसने दाखवली. रोझमेरीबरोबर सर्वांत जास्त खेळलेली बहीण ती. सप्टेंबर १९६२मध्ये तिने एका मोठ्या खपाच्या साप्ताहिकात लेख लिहून राष्ट्राध्यक्षांची बहीण मतिमंद आहे हे उघडपणे सांगितलं. त्याच उन्हाळ्यात आपल्या घरच्या हिरवळीवर अशा मुलांचं शिबिर भरवलं. ऑक्टोबर १९६३मध्ये जॉन केनेडींनी या मुलांच्या आणि मनोरुग्णांच्या सोयींसाठी कायद्यांवर सह्या केल्या. हत्येपूर्वीच्या त्यांच्या शेवटच्या महत्त्वाच्या सह्यांपैकी त्या होत. आणि रॉबर्टच्या मृत्यूनंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, २० जुलै १९६८ला, शिकागोच्या मैदानावर पहिलं ‘स्पेशल ऑलिम्पिक्स’ भरलं. सुमारे एक हजार खेळाडू आले होते. आज ही चळवळ भारतासह जगभर पसरली आहे. ज्या मुलांना घरं लपवत होती ती मैदानात पळाली, पोहली, टाळ्या घेऊन गेली.

रोझनेही मौन सोडलं. सेंट कोलेटाला ती जाऊ लागली. सभांतून, मुलाखतींतून अशा मुलांच्या आयांना धीर देऊ लागली. १९७४ साली तिच्या आठवणींचं ‘टाइम्स टू रिमेंबर’ हे पुस्तक आलं, त्याचं उत्पन्न तिने मतिमंद मुलांसाठी काम करणाऱ्या, थोरल्या मुलाच्या नावाच्या प्रतिष्ठानला दिलं. रोझमेरी सुट्टीत हायनिस पोर्टला येऊ लागली. त्या भेटी सोप्या नसत. मुलीला सगळं आठवत नव्हतं, पण काहीच आठवत नव्हतं असंही नाही. गेलेली वीस वर्षं भरून निघाली नाहीत. तरी आईने पुन्हा दार उघडलं, हे काही थोडं नव्हे.

या काळातली रोझ नातवंडांची आजी आणि मग पतवंडांची पणजी झाली. उन्हाळ्यात हायनिस पोर्टचं घर मुलांनी ओसंडून वाही. ही आजी रोज चर्चला जाई, गार पाण्यात पोहायला उतरे, एकटीच गोल्फ खेळे आणि नातवंडांच्या पत्रांतल्या व्याकरणाच्या चुका लाल करून परत पाठवी. जेवताना आता नातवंडांना इतिहासाचे प्रश्न येत. ८९व्या वर्षी ती एडवर्डच्या प्रचारालाही उभी राहिली. १९८४मध्ये तिला पक्षाघात झाला. त्याच एप्रिलमध्ये आजारी आजीला पाहायला पाम बीचला आलेला रॉबर्टचा मुलगा डेव्हिड अमली पदार्थांच्या अतिसेवनाने तिथल्या हॉटेलात मृतावस्थेत सापडला. मे १९९४मध्ये जॅकलीनही कर्करोगाने गेली. सून गेली तेव्हाही सासू हयात होती.

शेवटची दहा वर्षं ती चाकाच्या खुर्चीत, समुद्राकडे तोंड करून बसे. १९९०च्या जुलैत शंभरीचा सोहळा झाला तेव्हा सारा गोतावळा गोळा झाला होता. पाच वर्षांनी न्यूमोनियाने तिचा अंत झाला. अंत्यविधी नॉर्थ एंडमधल्या सेंट स्टीफन चर्चमध्ये झाला. एकशे चार वर्षांपूर्वी तिचा बाप्तिस्मा झाला होता तो याच चर्चमध्ये.

बील्स स्ट्रीटवरचं ते पहिलं घर आता राष्ट्रीय स्मारक आहे. ते १९१७ साली होतं तसं रोझने स्वतः उभं राहून पुन्हा सजवून घेतलं. पाळणा, पियानो, मुलांचे वाडगे, सगळं जागच्या जागी. तिथली घड्याळं तीनवर थांबवलेली आहेत, कारण जॉन दुपारी तीनच्या सुमारास जन्मला होता.

देवीची लस, गोवर, कांजिण्या, डांग्या खोकला यांतून तिने नऊच्या नऊ मुलं सुखरूप मोठी केली. ज्या काळात घराघरांतून लहान मुलं दगावत होती त्या काळात तिच्या घरून एकही तान्हं गेलं नाही. युद्ध, विमानं, बंदुका आणि एका डॉक्टरची सुरी, यांना मात्र त्या कार्डावर रकाना नव्हता. आईच्या हातात असतं तेवढं तिने केलं. जे हातात असूनही एकदा सोडलं, त्याच्याकडे उशिरा का होईना परत आली.

तिचे मुलगे आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत आहेत, तिथे रोज हजारो लोक जातात. कॅथलीन इंग्लंडमध्ये आहे. रोझ ब्रुकलाइनच्या हॉलीहूड दफनभूमीत नवऱ्याशेजारी विसावली. ७ जानेवारी २००५ रोजी, ८६ वर्षांची होऊन, रोझमेरी गेली. तिला विस्कॉन्सिनमध्ये ठेवलं नाही, घरी आणलं. आईच्या नावाची ती लेक आज आईच्या शेजारी आहे.